दिवाल्याला कुणी विचारलंच नाही

घट बसले त्या दिवशी दिवाल्याच्या खांद्यावर साहेबाच्या तंबूचा खांब होता. एकोणीसशे तीसचं साल. खांडबाऱ्याच्या पुढची सडक मोजायला कुणी गोरा साहेब आला होता आणि मोरबारीचा पोलीसपाटील चुडामण यानं उजाडायच्या आत घरोघरी फिरून ओझ्याला माणसं काढली होती. वेठ ती. तिला मजुरी नाही आणि नकारही नाही. दिवाल्याचं भात पोटरीला आलं होतं, रानडुकरं रोज खाचराच्या कडेला येऊन हुंगून जात होती. पण पाटील दारात उभा राहिला तसा दिवाल्या निमूट उठला. दिवस मावळेपर्यंत तो खांब वाहत साहेबाच्या घोड्यामागं चालला.

त्याच दिवशी दुपारी मोरबारीच्या नाल्याजवळ रूपचंद जंगलशिपायाचं डोकं फुटलं.

कुणी फोडलं ते पुढं लोक दबक्या आवाजात बोलत. सागाच्या गाड्या रूपचंदच्याच मेहरबानीनं जंगलाबाहेर जात, आणि त्या दिवशी गाडीवानांशी त्याचं वाटणीवरून वाजलं होतं म्हणे. पण गाडीवानांचं नाव घेतलं तर गाड्यांचंही नाव घ्यावं लागतं. रूपचंदला दुसरं नाव हवं होतं आणि ते त्याच्या जिभेवर तयार होतं. दिवाल्याची बायको कालीबाई हिनं पावसाळ्याआधी खांडबाऱ्याच्या भर बाजारात त्याच्या काखेतली आपली कोंबडी हिसकावून घेतली होती आणि त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. बाजार खदाखदा हसला होता. ते हसू रूपचंद विसरला नव्हता.

आठवडाभरात पोलीस आले. दिवाल्या खाचरात होता. फौजदारानं झोपडीच्या वळचणीतून कुऱ्हाड ओढून काढली. तशी कुऱ्हाड मोरबारीच्या प्रत्येक घरात होती, चुडामण पाटलाच्या घरात तर दोन होत्या. पाटलानं पंच म्हणून सही केली. खाली मान घालून केली, पण केली.

"मी त्या दिवशी साहेबासोबत होतो. पाटलानंच पाठवलं," दिवाल्या म्हणाला.

फौजदारानं ते ऐकलं नाही असं नाही. ऐकलं, आणि लिहिलं नाही.

नवापूरच्या चौकीत त्याला चार दिवस ठेवलं. तळपायांवर मारलं, कारण तिथले वळ लवकर दिसत नाहीत. चौथ्या दिवशी त्याचा अंगठा धरून शाईत बुडवला आणि एका कागदावर दाबला. "कोर्टात विचारतील तेव्हा हो म्हण," फौजदार म्हणाला. "हो म्हणालास की घरी जाशील." मग बेड्या घालून आगगाडीनं त्याला नंदुरबारला आणलं. कागदावर लिहिलं होतं की आरोपीस कालच अटक केली.

कोर्टात दिवाल्याला लाकडी कठड्यात उभं केलं. समोर उंचावर मॅजिस्ट्रेट, खाली कारकून, बाजूला फौजदार. रूपचंद डोक्याला पांढरंशुभ्र फडकं गुंडाळून आला. तो बोलला, मग पाटील बोलला, मग फौजदार बोलला. सगळं कचेरीच्या मराठीत. दिवाल्या घरात मावची बोलायचा आणि बाजारापुरती अहिराणी. या बोलण्यातलं त्याला आपलं नाव तेवढं कळत होतं. रूपचंदनं त्याच्याकडं बोट केलं, पाटलानं केलं, फौजदारानं केलं. आपल्याविषयी एवढं काय बोलण्यासारखं आहे, असं त्याला वाटलं. लग्नातसुद्धा त्याचं नाव इतक्यांदा कुणी घेतलं नव्हतं.

शेवटी कारकुनानं उभं राहून एक लांबलचक वाक्य वाचलं. सरकारी नोकर, कर्तव्य बजावीत असता, दुखापत, असले शब्द कानावरून गेले. मग मॅजिस्ट्रेटनं वर पाहून विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

दिवाल्यानं फौजदाराकडं पाहिलं. फौजदारानं मान हलवली.

दिवाल्याच्या ओठांवर 'हो' आलंच होतं. साहेब लोक काही विचारतात तेव्हा दुसरं काय म्हणतात ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. इतक्यात, त्याच्यामागोमाग नंदुरबारला आलेल्या कालीबाईचा आवाज दारातून आला, मावचीत, रानातून हाक मारावी तसा. "कशाला हो म्हणतोस? काय विचारलं ते तरी कळलं का तुला?"

पट्टेवाला धावला. तिला दंडाला धरून बाहेर ढकललं. ती पायरीवर पडली, उठली आणि तिथूनही ओरडत राहिली. दिवाल्याचं तोंड मिटलं ते मिटलंच. मॅजिस्ट्रेटनं दोनदा विचारलं, मग वैतागून म्हणाले, "आरोपी बोलत नाही. नाकबूल लिहा. पुढची तारीख द्या."

कचेरीच्या मागच्या कोठडीत त्या महिन्यात जागा नव्हती. जंगल सत्याग्रहाची माणसं पकडून आणली होती. त्यातला हिंमतराव हा शहाद्याकडच्या एका गुजर शेतकऱ्याचा मुलगा. धुळ्याला एका वकिलाच्या हाताखाली दोन वर्षं काढून तो ते सोडून चळवळीत शिरला होता. सरकारी कुरणातलं गवत त्यानं शंभर माणसांसमोर विळ्यानं कापलं होतं आणि पोलीस येईपर्यंत तिथंच गाणी म्हणत बसला होता. अटकेच्या वेळी त्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता. त्याला घरून दूध येई, निजायला खाट मिळाली होती.

दुपारी तो दिवाल्याजवळ सरकला. "काय भाऊ, तुले कसाकरता आनं?"

"माले ठाव नही."

"ठाव नही कसं? कोर्टमा वाची दाखाडं व्हई ना."

"वाचं. पन माले समजनं नही."

हिंमतरावानं खोदून खोदून विचारलं. चौकी, अंगठा, साहेबाचा तंबू, सगळं एकेक बाहेर आलं. ऐकता ऐकता तो तापत गेला, अहिराणीतच सांगू लागला. "अरे, पोलिसांनी पकडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवसाच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं! आणि साक्षी तुला कळेल त्या भाषेत सांगायला हव्यात. हा कायदा आहे, त्यांनी स्वतःच केलेला! तू सांगायचं होतंस!"

दिवाल्या भिंतीला टेकून बसला होता. त्याचे तळवे अजून सुजलेले होते. 'तू सांगायचं होतंस' म्हटल्यावर तो ताठ झाला.

"तुम्ही गवत कापं," तो म्हणाला. "तुम्हीच सांगतस, कापं म्हनीसन. तुमले खाट शे, दूध शे. मी कोनले बोट नही लावं. माले लाथा. आनि आते तुम्ही माले इचारतस, का बोलना नही? मन्ही भाषामा माले कोन इचारं?"

हिंमतरावानं खाली पाहिलं. मग त्यानं आपली खाट ओढून दिवाल्याजवळ आणली. दिवाल्या तिच्यावर बसला नाही. शेवटी दोघंही जमिनीवरच बसले.

"मी तर बोलणारच नाही कोर्टात," हिंमतराव हळू आवाजात म्हणाला. "आम्ही हे कोर्ट मानत नाही. विचारलं तर पाठ फिरवणार."

"तुमचं बरं आहे," दिवाल्या म्हणाला. "तुम्ही पाठ फिरवली तर लोक हार घालतील. मी फिरवली तर माझं भात डुकरं खातील."

त्यानंतर तीन दिवस दुपारी हिंमतराव त्याला एकच गोष्ट निरनिराळ्या तऱ्हेनं सांगत होता. पोलिसांसमोर दिलेला अंगठा कबुली म्हणून चालत नाही. "तुन्हा अंगठा चालाव नही," असं तो पुन्हा पुन्हा म्हणे आणि दिवाल्याला ते पुन्हा पुन्हा खरं वाटत नसे. पुढच्या तारखेला मॅजिस्ट्रेट विचारतील, सरकारचे साक्षीदार परत बोलवायचे का? तेव्हा हो म्हणायचं. तेवढ्या एका ठिकाणी हो. मग त्यांना प्रश्न विचारायचे. वकील लावायचा हक्क आहे, नसेल वकील तर स्वतः विचारायचं. आपला साक्षीदारही बोलावता येतो.

"रूपचंदला मी विचारायचं? मी?" दिवाल्यानं विचारलं. जंगलशिपाई त्याला विचारी आणि तो उत्तर देई, असंच त्याचं सगळं आयुष्य गेलं होतं.

"तूच. आणि त्याला उत्तर द्यावं लागेल."

दिवाल्यानं आपल्या अंगठ्याकडं पाहिलं. नंतर म्हणाला, "मग हे आम्हाला आधी कुणी का सांगितलं नाही? पाटील वेठीला बोलवायला घरोघरी येतो. हे सांगायला का येत नाही?"

हिंमतरावानं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

कालीबाई भाकर घेऊन आली की गजाआडून दिवाल्या तिला ऐकलेलं सांगे. कोर्ट उघडं असतं, कुणालाही बसता येतं, फक्त ओरडायचं नाही, हे ऐकून ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मला ढकललं तेही खोटंच."

दिवाल्याची तारीख यायच्या आतच हिंमतरावाचा खटला उरकला. त्यानं ठरवल्याप्रमाणं पाठ फिरवली आणि त्याला धुळ्याच्या तुरुंगात नेलं. जाताना तो गजांपाशी थांबला. "भिऊ नको. फक्त विचार," म्हणाला. आता दिवाल्या एकटाच होता.

तारखेच्या दिवशी कालीबाई सगळ्यांत आधी येऊन भिंतीकडेला बसली. पट्टेवाल्यानं हटकलं तर ती हलली नाही. "मी ओरडत नाहीये," एवढंच मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हणाली. तो निघून गेला.

मॅजिस्ट्रेटनं कागद चाळले. "साक्षीदार परत बोलवायचेत का?" त्यांनी विचारलं, उत्तर ठाऊक असल्यासारखं, आणि शाईत टाक बुडवला.

"हो," दिवाल्या म्हणाला. "पन माले ही भाषा समजत नही. दुभाष्या द्या."

टाक थांबला. फौजदार लगबगीनं उठला. "हुजूर, जंगल खात्याचा एक माणूस बाहेर आहे, त्याला यांची भाषा येते."

"तो नको," 'जंगल खातं' एवढं कळताच दिवाल्या म्हणाला. "रूपचंदच्या खात्याचा माणूस मन्हं बोलनं रूपचंदले पाहिजे तसं सांगी."

मागं कुणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी खजिन्यावरच्या सुपडू नावाच्या शिपायाला बोलावलं. तो खांडबाऱ्याकडचा, मावचीत वाढलेला. त्याला शपथ दिली आणि मागच्या तारखेच्या साक्षी मावचीत वाचून दाखवायला सांगितलं. अटकेला महिना होत आला तेव्हा दिवाल्याला पहिल्यांदा कळलं की त्यानं काय केलं होतं. घट बसले त्या दिवशी, भर दुपारी, नाल्याजवळ त्यानं सागाचं झाड तोडलं होतं. रूपचंदनं अडवल्यावर कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्याचं डोकं फोडलं होतं. ऐकताना त्याचे कान तापले. एवढी मोठी लबाडी त्याच्या तोंडासमोर सांगितली गेली होती आणि तो तिथं नुसता ऐकत उभा होता!

रूपचंद साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आला. डोक्याचं फडकं आता नव्हतं, जखम भरून निघाली होती.

"तू मला कुठं पाहिलंस?" दिवाल्यानं विचारलं. सुपडूनं मराठी केली.

"नाल्याजवळ."

"कोणत्या दिवशी?"

"सांगितलंय की. घट बसले तेव्हा. दुपारी."

"नक्की मीच होतो?"

"तुला काय आज ओळखतो का?" रूपचंद गुरकावला. तो कोर्टात नव्हे, मोरबारीत उभा असल्यासारखा बोलला. दिवाल्याचे हात जुन्या सवयीनं जोडले जाणार होते. त्यानं कठडा घट्ट धरला.

"ओळखतोस," तो म्हणाला. "माझ्या कोंबड्याही ओळखतोस. बाजारात माझ्या बायकोनं तुझ्या काखेतून कोंबडी काढून घेतली का नाही?"

"हुजूर, याचा काय संबंध?" फौजदार म्हणाला.

"त्याचाच तर राग आहे त्याला," दिवाल्या म्हणाला. मॅजिस्ट्रेटनं रूपचंदकडं पाहिलं. रूपचंदनं नाही म्हटलं, पण भिंतीकडेला बसलेल्या कालीबाईकडं त्याची नजर गेली आणि पुढं त्याला शब्द सापडेना. मॅजिस्ट्रेटनं काहीतरी लिहून घेतलं.

मग चुडामण पाटील आला. पागोटं नवं होतं.

"पाटील, घट बसले त्या दिवशी सडकेच्या साहेबाला ओझ्याची माणसं कुणी दिली?"

पाटील गडबडला. "मी दिली. सरकारी हुकूम होता."

"त्यात कोण कोण होतं?"

"पुष्कळ होते. आता काय आठवतंय?"

"तंबूचा मोठा खांब कुणाच्या खांद्यावर दिला होतास?"

"आठवत नाही."

"मग साहेबाला बोलवा," दिवाल्या मॅजिस्ट्रेटकडं वळून म्हणाला. "मला माझा साक्षीदार बोलावता येतो. तो साहेब माझा साक्षीदार. दिवसभर मी त्याच्या घोड्यामागं होतो."

आता सगळं कोर्ट हसलं. वकील हसले, कारकून हसला. मोरबारीचा एक मावची गोऱ्या साहेबाला साक्षीला बोलावतोय! मॅजिस्ट्रेटच्याही मिशीखाली काहीतरी हललं. "साहेबांना या कामासाठी तसदी देता येणार नाही," ते म्हणाले.

सुपडूनं ते सांगितलं. दिवाल्या कठड्यावरून पुढं वाकला. मग त्याचा आवाज चढला. तो जे बोलला त्याची मराठी करायला सुपडूची जीभ रेटेना. तो चाचरत म्हणाला, "हुजूर, तो म्हणतो... म्हणतो की, ठीक आहे."

"नही!" दिवाल्या गरजला. आता तो स्वतःच मोडक्या अहिराणीत बोलू लागला. "मी असं नही म्हनं. मी म्हनं, साहेबले तसदी व्हस, आनि माले नही व्हत का? माले खाचरमाईन ओढी आनं. मन्ह्या पायस्वर मारं. मन्हं भात डुकरे खाई ऱ्हायनात. साहेबना तंबू मी उचला तवय कोनी म्हनं नही, दिवाल्याले तसदी व्हई!"

हसू विरलं. मागच्या बाकावरचा एक म्हातारा वकील खाकरला. मॅजिस्ट्रेटनं टाक खाली ठेवला. ते दुष्ट नव्हते. रोज पंधरा-वीस माणसं त्या कठड्यातून जात आणि बहुतेक जण हो म्हणत. त्यांना सवय झाली होती, एवढंच. पण त्या सवयीनं किती माणसं आत गेली असतील, याचा हिशेब कुठल्या कोर्टात होतो?

"साहेब नाही," ते म्हणाले, "पण साहेबांच्या पट्टेवाल्याला समन्स काढता येईल. पाटील, तुम्ही शपथेवर आहात. पट्टेवाला येऊन वेगळं बोलला, तर खोट्या साक्षीबद्दल तुम्हीच या कठड्यात उभे राहाल. पुन्हा विचारतो. हा माणूस त्या दिवशी ओझ्याला होता का?"

चुडामण पाटलानं फौजदाराकडं पाहिलं. फौजदार खिडकीबाहेर पाहत होता.

"होता," पाटील म्हणाला.

"किती वेळ?"

"दिवस मावळेपर्यंत."

कालीबाईनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. ओरडायचं नाही, हे तिनं कबूल केलं होतं.

पुढं फार काही उरलं नाही. अंगठ्याच्या कागदाकडं मॅजिस्ट्रेटनं नुसतं पाहिलं आणि तो बाजूला सारला. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी इंग्रजीत निकाल लिहिला, वाचला आणि पुढच्या खटल्याचा पुकारा झाला. दिवाल्या तसाच उभा होता. सुपडूनं त्याला कोपरानं ढोसलं. "सुटलास. उतर खाली."

"आणि रूपचंद?" दिवाल्यानं विचारलं.

"रूपचंदचं काय?"

"तो खोटं बोलला. पाटील खोटं बोलला. फौजदारानं चार दिवस ठेवून एक लिहिला. त्यांना कोण विचारणार?"

सुपडूनं मॅजिस्ट्रेटकडं पाहिलं, पण ते दुसरे कागद वाचत होते. कठड्यात दुसरा माणूस येऊन उभा राहिला होता आणि त्याच्याही चेहऱ्यावर तेच हो तयार होतं.

बाहेर कालीबाई त्याच्याकडं पाहून हसली नाही. "सोडलं म्हणे," ती म्हणाली. "धरलं कशाला होतं ते सांगितलं का?" त्या दिवशी ते गावी गेलेच नाहीत. म्हातारा वकील पायऱ्या उतरत होता, त्याला दिवाल्यानं अडवलं आणि फौजदाराच्या मारहाणीची फिर्याद लिहून मागितली. वकिलानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, म्हणाला की यातून काही निघायचं नाही, आणि तरीही लिहून दिली.

काही निघालं नाही, हे खरंच. थंडीत एक अधिकारी मोरबारीला आला, पाटलाच्या ओट्यावर चहा पिऊन गेला, आणि पुरावा नाही असं उत्तर आलं. वळ तोवर कसले राहतात? दिवाल्याचं निम्मं भात डुकरांनी तुडवलं होतं, उरलेलं त्यानं झोडून घेतलं. पण पाटील पुन्हा वेठीला माणसं काढायला आला तेव्हा दिवाल्या उंबऱ्यातून म्हणाला, "कुणाच्या हुकमानं, आणि मजुरी काय?" पाटील क्षणभर थांबला आणि पुढच्या घरी गेला. पुढच्या घरातूनही त्याला तोच प्रश्न आला.

रूपचंदला शिक्षा झाली नाही. त्याची बदली झाली, नवापूरच्या पलीकडच्या जंगलात. ही बातमी दिवाल्यानं बाजारातून आणली तेव्हा कालीबाई नागली पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हणजे आता तिथल्या कोंबड्या," ती म्हणाली.

"तिथलीही माणसं आहेतच की."

"आहेत. पण कोर्टात हो म्हणायचं नाही हे त्यांना कोण सांगणार? पाटील सांगणार का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भाकऱ्या फडक्यात बांधल्या. त्या बाजूच्या एका गावात तिची मावशी दिलेली होती. खाचराच्या बांधावरून ती उतारानं चालू लागली, तेव्हा दिवाल्यानं कोयता वळचणीत खोवला आणि तोही तिच्यामागं निघाला.